खर्च वाढला म्हणजे गरिबी हटली काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीचे आकडे अकरा वर्षांच्या खंडानंतर प्रसिद्ध केले. २०११-१२ मध्ये ग्रामीण भारतातील माणशी मासिक खर्च १,४३० रुपये होता, तो २०२२-२३ मध्ये ३,७७३ रुपये झाला. शहरी भागात तो २,६३० वरून ६,४५९ रुपयांवर गेला. महागाईचा भाग वजा केला तरी ग्रामीण खर्चात सुमारे ४० टक्क्यांची वाढ उरते. आकडे बाहेर पडताच नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी देशातील गरिबी पाच टक्के किंवा त्याहूनही कमी उरली असल्याचे सांगून टाकले. पुढच्या वर्षीच्या पाहणीत हे आकडे ४,१२२ आणि ६,९९६ असे आणखी वर सरकले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा आकडा त्या पाहणीत ४,१४५ आहे. उद्योगात अग्रेसर म्हणवणाऱ्या या राज्यातील खेडूत देशाच्या सरासरीपेक्षा महिन्याला अवघे तेवीस रुपये अधिक खर्च करतो, ही गोष्ट मुंबईतील जाणकारांनी फारशी मनावर घेतली नाही. असो.

उपभोगाच्या आकड्यांवरून असा जयघोष होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत, या देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे सांगितले तेव्हा पंडित नेहरूंच्या सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला होता. पंधरा आणे ही सरासरी होती आणि लोहिया बोलत होते ते सरासरीच्या तळाशी दबलेल्या माणसांविषयी. आज तळाची पाच टक्के ग्रामीण माणसे पाहिली तर २०२२-२३ मध्ये त्यांचा सरासरी मासिक खर्च १,३७३ रुपये, म्हणजे दिवसाला ४६ रुपयांच्या आत होता. त्यात दोन वेळचे जेवण, कपडा, औषध, प्रवास सारे आले. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मध्यंतरी २०१७-१८ मध्येही अशी पाहणी झाली होती. माहितीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा अहवाल रोखला. एका आर्थिक दैनिकात फुटलेल्या मसुद्याप्रमाणे खरा खर्च सहा वर्षांत ३.७ टक्क्यांनी घटलेला होता. घटलेला खर्च दर्जाहीन आणि वाढलेला खर्च दर्जेदार, असा काही नवा संख्याशास्त्रीय नियम निघाला असल्यास आमच्यासारख्या जुन्या मास्तरांना तो कोणी समजावून सांगावा.

परंतु आकडे खरे की खोटे, हा माझ्या लेखाचा विषय नाही. वाढ झाली आहे, असे मी मानून चालतो. प्रश्न असा आहे की हा वाढलेला खर्च कशावर झाला, आणि तो करणाऱ्या कुटुंबाच्या पदरात त्यातून पूर्वीपेक्षा अधिक काय पडले. हा प्रश्न नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत उभे राहून विचारला तर त्याचे उत्तर दिल्लीतील उत्तरापेक्षा बरेच वेगळे येते, असे या भागात चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यानंतर माझे मत झाले आहे.

प्रथम शास्त्राची बाजू मांडतो. अर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून असे दाखवले की कुटुंबाचे उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा घटत जातो. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून सुरू झाली आणि तिच्या आकड्यांतून हीच वाटचाल दिसते. १९७२-७३ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांपैकी ७३ रुपये अन्नावर जात, १९९३-९४ मध्ये ६३, २०११-१२ मध्ये ५३ आणि २०२३-२४ मध्ये ४७. त्यातही निव्वळ तृणधान्यांचा वाटा १९७२-७३ मध्ये चाळीस रुपयांवर होता, तो २०२२-२३ मध्ये पाच रुपयांच्या आत आला.

या घसरणीचा एक अर्थ निःसंशय चांगला आहे, आणि तो नाकारणे म्हणजे स्वतःच्याच आठवणीशी बेइमानी होईल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात शाळकरी वयात असलेल्या माझ्या पिढीला मिलोची लाल भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी विसरता येणार नाही. त्या काळी गव्हाची पोळी सणाला होई, भात लग्नाच्या पंगतीत मिळे आणि पायात वहाण असलेला मुलगा वर्गात उठून दिसे. आज मुखेडच्या किंवा जळकोटच्या आडवळणी वाडीतही मुलांच्या पायांत चपला आहेत, घरात गॅस आहे, चहात दूध आहे. रोजगार हमी, रेशन, सिंचन, रस्ते आणि माणसांचे अफाट कष्ट यांमुळे हे घडले. ते सुख खोटे नाही.

पण एंगलच्या नियमात एक गृहीत दडलेले आहे. अन्नाबाहेर जो खर्च वाढतो तो माणूस आपल्या खुशीने, पोट भरल्यानंतर करतो, असे तो नियम धरून चालतो. पोटाला चिमटा घेऊन करावा लागणारा खर्चही अन्नाबाहेरच मांडला जातो, आणि त्यानेही अन्नाचा वाटा तितकाच खाली येतो. वहीतल्या टक्केवारीवरून या दोहोंतला फरक कळत नाही.

येथे आपल्या नियोजनाच्या इतिहासातील एक विसरलेले पान उलगडले पाहिजे. नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने १९६२ मध्ये किमान जीवनमानासाठी १९६०-६१ च्या किमतींना माणशी दरमहा वीस रुपये ठरवले, तेव्हा त्या विसांत आरोग्याचा आणि शिक्षणाचा खर्च धरलेला नव्हता. हा खर्च घटनेप्रमाणे शासनाने करावयाचा आहे, तो गरिबाच्या खिशातून जाणार नाही, असे त्या गटाने गृहीत धरले होते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो प्रसिद्ध अभ्यास मांडला, त्यात ग्रामीण भागासाठी पंधरा आणि शहरासाठी साडेबावीस रुपयांची रेषा होती आणि तिचा आधार पोटाला लागणारे उष्मांक हा होता. १९७९ ची २,४०० आणि २,१०० उष्मांकांची सरकारी रेषाही त्याच वळणाची. शाळा आणि दवाखाना सरकारचा, भाकरी ज्याची त्याने मिळवावी, असा तो एक न लिहिलेला करार होता. २००९ मध्ये तेंडुलकर समितीने मान्य केले की हा करार प्रत्यक्षात उरलेला नाही, आणि आपल्या रेषेत शिक्षण-औषधाच्या खाजगी खर्चाला जागा दिली. मात्र ती जागा त्या वेळी लोक जेवढा खर्च करीत होते तेवढीच होती. २०१४ मध्ये रंगराजन समितीने रेषा थोडी वर नेली, ती सरकारने स्वीकारलीच नाही. गरिबी पाच टक्क्यांवर आल्याची घोषणा झाली ती तेंडुलकरांची रेषा महागाईच्या प्रमाणात ताणून.

आता या मोडलेल्या कराराचा हिशेब नांदेड-लातुरात मांडू. सुरुवात भाकरीपासून करू, कारण आमच्याकडे हिशेब तिथूनच सुरू होतो.

मराठवाड्यातील शेतकऱ्याचे घर एके काळी आपल्या रानातली ज्वारी खात असे. ती पेवात किंवा कणगीत असे, मजुरीही बहुधा धान्यातच दिली जाई, आणि कडबा बैलांना होई. नमुना पाहणीत घरच्या धान्याची किंमत शेतावरच्या भावाने, म्हणजे वाहतूक, हमाली, दलाली आणि नफा वगळून धरतात. विकत घेतलेल्या धान्याची किंमत मात्र दुकानात मोजलेल्या पैशाने लागते. नव्वदीच्या दशकापासून या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाच्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. त्याला कारणेही होती: पीक लवकर निघते, रोख पैसा देते, लातूरचा बाजार आणि तेलाचे कारखाने हाताशी आहेत. पण सोयाबीन कणगीत ठेवून खाता येत नाही. ते आडतीवर घालायचे आणि आलेल्या पैशातून पीठ विकत आणायचे. घरातली माणसे तितकीच, भाकऱ्या तितक्याच किंवा एखादी कमी, पण त्या कुटुंबाचा उपभोग खर्च वाढला! शेतावरचा भाव जाऊन किराणा दुकानाचा भाव आला एवढेच. १९७२-७३ मध्ये ग्रामीण माणूस महिन्याला सरासरी १५ किलोंहून थोडे अधिक तृणधान्य खाई, २०११-१२ मध्ये तो ११ किलोंवर आला होता. ही घट भाजी, दूध, अंडी वाढल्यामुळे झाली असे म्हणणारे विद्वान आहेत. कष्टाची कामे यंत्रांनी हलकी केली म्हणून भूक कमी झाली असेही एक मत आहे. दोन्हींत तथ्य असेल. पण ऊसतोडीला किंवा सेंट्रिंगच्या कामाला जाणाऱ्या माणसाचे कष्ट कोणत्या यंत्राने हलके केले, ते मला दिसलेले नाही.

या बदलातील मोठी थट्टा अशी की ज्वारी, जी गरिबाची म्हणून हिणवली जाई, ती आज बाजारात गव्हापेक्षा महाग आहे. पथ्य म्हणून ती शहरातील सुखवस्तू माणूस खातो, आणि ती पिकवणाऱ्याच्या नातवाच्या ताटात रेशनचा तांदूळ आहे.

रेशनचे नाव निघाले म्हणून एक स्थानिक उदाहरण देतो, कारण खर्च कसा 'वाढतो' ते त्यात लख्ख दिसते. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या १४ जिल्ह्यांची वेगळी नोंद झाली, त्यांत मराठवाड्याचे सर्व जिल्हे येतात. त्यांतील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागले. २०२३ मध्ये राज्य सरकारने हे धान्य बंद करून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर जमा करण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ते १७० केले. पूर्वी पाच किलोंसाठी घरातून दहा-पंधरा रुपये जात. आता तेच पाच किलो आणायला दीडशे-दोनशे रुपये लागतात. धान्य तेच आणि पोटही तेच, पण पाहणीच्या वहीत त्या घराचा माणशी खर्च शंभराहून अधिक रुपयांनी वाढला. याला जर कोणी जीवनमानातील प्रगती म्हणणार असेल, तर दुकानाला कुलूप लावणे हाच गरिबी निर्मूलनाचा सर्वांत सोपा कार्यक्रम ठरेल.

पाण्याची गोष्ट याहून लहान आहे, पण विसरण्याजोगी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा साऱ्या देशाने तिची छायाचित्रे पाहिली. मांजरा धरण कोरडे पडले होते. गाडी सरकारची होती आणि पाणी फुकट होते, म्हणून उपभोग खर्चात त्याची नोंद नाही. ज्यांनी त्याच महिन्यांत खाजगी टँकर घेतले, प्लास्टिकच्या टाक्या घेतल्या, विंधनविहिरी खोल केल्या, त्यांच्या पैशांची नोंद मात्र कोठे ना कोठे झाली असणार. दुष्काळ सरला, धरण भरले. वीस लिटरचा जार मात्र घराघरांत कायमचा राहिला. माझ्या लहानपणी पाणी ही विकत घेण्याची वस्तू आहे असे कोणी म्हटले असते तर माणसे हसली असती.

आणि आता शिक्षण. या बाबतीत लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात तो मुळात महाविद्यालयांचा होता. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या, उत्तरपत्रिका तपासून विद्यार्थ्यांच्या हातात दिल्या, आणि मागास म्हटल्या जाणाऱ्या भागातील मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली. त्या यशाचा आम्हा सर्वांना अभिमान होता आणि आहे. पण जे काम पगारी प्राध्यापक महाविद्यालयाच्या वर्गात करीत होते, ते हळूहळू रस्त्यापलीकडच्या खाजगी वर्गात गेले. 'नीट' आणि 'जेईई' या परीक्षा आल्यावर तर कनिष्ठ महाविद्यालय हे नाव नोंदवण्यापुरते उरले. लातूरचा उद्योग भवन परिसर आता शिकवणी वर्गांचाच म्हणून ओळखला जातो. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडे तेच चित्र. तिथे वर्गांच्या पाट्या, खोल्यांच्या पाट्या, मेसच्या पाट्या, अभ्यासिकांच्या पाट्या आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तर हातात पिशवी आणि डोक्याला रुमाल असलेले बाप मुलामुलींना घेऊन एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर चढताना दिसतील.

राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील शिक्षणाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आत आहे, आणि २०११-१२ च्या तुलनेत तो थोडा घटलेलाच दिसतो. हे वाचून मी प्रथम चक्रावलो. साडेतीन टक्के? आमच्याकडे दोन वर्षांची शिकवणी, खोली आणि मेस यांत घराचे दोन-तीन हंगाम जातात! एक उलगडा सरासरीत आहे: ज्या घरी शिकणारे मूल नाही ती घरेही त्यात आली. दुसरा उलगडा कुटुंबाच्या व्याख्येत आहे. नमुना पाहणीच्या जुन्या नियमाप्रमाणे वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आईबापाच्या कुटुंबात धरत नाहीत. तो एकट्याचे स्वतंत्र कुटुंब मानला जातो. म्हणजे कंधार तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी लातूरच्या वसतिगृहात राहू लागली की ती बापाच्या घराच्या वहीतून उतरते. तिच्या जेवणाचा आणि राहण्याचा खर्च शहरी लातूरच्या उपभोगात मोडतो. इकडे गावातील घर, जे सोयाबीन विकून आणि सोने गहाण टाकून तो पैसा पाठवते, ते पाहणी करणाऱ्याला काटकसरीने राहणारे एक ग्रामीण कुटुंब म्हणून भेटते. घाम खेड्यात गाळला जातो आणि उपभोग शहराच्या नावे लिहिला जातो! शहरे संपन्न होत आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या संपन्नतेत खेड्यातून आलेल्या मनीऑर्डरी किती आहेत हे कोणी मोजत नाही. (मनीऑर्डर हा शब्द माझ्या वयाचा, आता पैसे मोबाइलवरून जातात, पण बापाच्या पोटातला गोळा तोच असतो.)

सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातील शंभरांपैकी २७ विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शाळा-महाविद्यालयाच्या शिक्षणाला वस्तू व सेवा कर नाही, कारण ते शिक्षण आहे; खाजगी शिकवणीच्या शुल्कावर मात्र १८ टक्के कर आहे. म्हणजे आपली शाळा नीट चालवण्याचे कर्तव्य शासनाने केले नाही तर त्याचा दंड बापाने भरायचा आणि वर त्या दंडावर शासनालाच कर द्यायचा. अध्यापनाच्या काळात मी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घरखर्चाची यादी करून आणायला सांगत असे. सुरुवातीच्या वर्षांतील याद्या ज्वारीपासून सुरू होत आणि मिठापर्यंत येऊन थांबत. नंतरच्या याद्यांत पहिल्या ओळीवर धाकट्या भावाच्या वर्गाची फी आणि मोबाइलचे रिचार्ज असे, आणि ज्वारी पुष्कळदा यादीतच नसे. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, व्याज कुठल्या रकान्यात लिहायचं?" व्याज उपभोगात येत नाही, असे पुस्तकाप्रमाणे मी त्याला सांगितले. पुस्तक तसे म्हणते खरे, पण त्याच्या घरी व्याजाचा पैसाही त्याच डब्यातून जात होता ज्यातून तेलमीठ येई.

औषधोपचाराविषयी थोडक्यात. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे प्रशासनाने सांगितले. औषधे बाहेरून आणावी लागली, असे नातेवाईक सांगत होते. त्या वादात मी शिरत नाही. पण एक हिशेब स्पष्ट आहे. रुग्णालयाच्या खिडकीतून मिळालेली गोळी उपभोग खर्चात शून्य रुपये धरली जाते, आणि तीच गोळी समोरच्या दुकानातून आणली तर तिची छापील किंमत लागते. २०२२-२३ पासून फुकट मिळालेल्या धान्याची आणि काही वस्तूंची किंमत धरून सरकार दुसरा एक आकडाही देते. शासकीय शाळा आणि शासकीय उपचार मात्र त्या दुसऱ्या आकड्यातही धरलेले नाहीत. याचा अर्थ असा की सरकारी दवाखाना जितका रिकामा, तितका जनतेचा उपभोग भरलेला दिसतो.

उलट बाजूही पाहा. मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एसटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळते. लोह्याची बाई नांदेडला भाजी विकायला पूर्वी पूर्ण भाड्यात येई, आता निम्म्या भाड्यात येते. तिचा प्रवास तेवढाच आहे, किंबहुना वाढला आहे. माहेरी, दवाखान्यात, बाजारात ती अधिक मोकळेपणाने जाते. पण पाहणीच्या दृष्टीने तिचा प्रवासखर्च घटला! सरकार जे चांगले करते ते या मापात उणे होते आणि जे सोडून देते ते अधिक होते, तर मापच तपासायला हवे.

राहता राहिला प्रश्न, हा पैसा येतो कोठून? २०१८-१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते; त्यात पिकांपासून ३,७९८ आणि मजुरी-पगारापासून ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगतो. उदाहरणादाखल आमच्याकडचे पाच एकर सोयाबीन घ्या. एकरी सहा क्विंटल धरले, तर तीस क्विंटल झाले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याखालीच राहिला. ४,२०० धरला तरी १,२६,००० रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी यांत निम्मे गेले असे धरू. उरले साठ-पासष्ट हजार. पाच माणसांचे ग्रामीण कुटुंब राज्याच्या सरासरीने खर्च करील तर वर्षाला सुमारे अडीच लाख रुपये लागतात. मधले अंतर मजुरीने, लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांनी आणि कर्जाने भरून निघते.

त्या कर्जाची आमच्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत क्रूर तऱ्हा म्हणजे उचल. कंधार-मुखेडच्या तांड्यांवरून, जळकोट-अहमदपूरच्या वाड्यांवरून नवरा-बायकोची जोडी, जिला मुकादमाच्या भाषेत एक कोयता म्हणतात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते. पण तिची मजुरी पावसाळ्यातच उचललेली असते. त्यातून मुलीचे लग्न होते, शस्त्रक्रिया होते, फी भरली जाते. खर्च आधी होतो आणि उत्पन्न मागून येते. ते पुरले नाही तर पुढच्या हंगामावर चढते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उपभोग हे उत्पन्नाचे फलन असते. तांड्यावर उत्पन्न हे उपभोगाची परतफेड असते. अशा घराचा खर्च वाढला की ते घर गरिबीच्या रेषेवर येते आणि मुकादमाच्या वहीत आणखी खाली जाते. हे फक्त तांड्याचेच दुखणे आहे असेही नाही. २०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर, कित्येक दशकांतील नीचांकावर आली, ती खर्चाचे आकडे उंचावले त्याच वर्षी.

लग्नकार्यातील उधळपट्टी, गावोगावचे बॅनर आणि हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकली यांचा उल्लेख न करता मी हा लेख संपवला तर काही वाचक मला शेतकऱ्याचा आंधळा कैवारी म्हणतील. उधळपट्टी आहे, तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे आणि ते आपण गावात जाऊन बोलले पाहिजे. पण उधळपट्टीच्या टीकेआड पाणी, शाळा आणि दवाखाना यांची जबाबदारी कोणाला लपवता येऊ नये.

करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक केला आहे. आजवर साऱ्या मराठवाड्याचा मिळून एकच विभाग असे. आता नांदेडचे आणि लातूरचे आकडे वेगळे मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. ते आकडे निघतील तेव्हा शिकवणी, औषध, पाणी आणि प्रवास यांवरील खर्च वेगळा काढून उरलेला खर्च किती, हे छापण्याचा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींनी धरावा. वसतिगृहातील मुलांचा खर्च जे घर सोसते त्याच घरासमोर दाखवावा. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरून अकरावी-बारावीचा वर्ग पुन्हा महाविद्यालयात भरवावा. लातूरने हे एकदा करून दाखवलेले आहे, तेव्हा अशक्य म्हणण्याची सोय नाही.

आणि केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला १७० रुपयांऐवजी धान्य द्यावे, तेही शक्य तेवढे ज्वारीचे, आणि ती ज्वारी हमीभावाने याच जिल्ह्यांतून घ्यावी. रास्त भावाची दुकाने गावोगाव आहेत, शासकीय गोदामे आहेत. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते आणि गरजू शेतकरी ती पंधरा दिवसांत आडतीवर घालून मोकळा होतो. खरेदी केंद्रे उघडायची तर ती त्याआधी, जानेवारी संपण्यापूर्वी उघडली पाहिजेत.